फोन पेटीत, मुलगी वर्गात

(सोलापुरात विद्यार्थी आणि पालकांसमोर केलेल्या भाषणाचं लेखी रूप)



आजचा विषय आयोजकांनी प्रश्न म्हणूनच दिलाय : शाळेत मोबाईल असावा की नसावा? आत्ता हात वर करायला सांगितले तर निकाल मला इथूनच दिसतोय. पुढच्या रांगा म्हणतील 'असावा', मागे बसलेले अम्मी-अब्बा म्हणतील 'मुळीच नसावा', आणि कडेच्या खुर्च्यांवरचे सर आणि मॅडम म्हणतील, 'आधी वर्गात फळा बदलून द्या, मग बघू.'

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. शाळा आणि इंजिनिअरिंग सोलापुरात झालं, नोकरी पुण्यात. मोबाईलवर चालणारी ॲप लिहिणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे उपदेश करण्यापेक्षा ही वस्तू आतून कशी चालते ते सांगतो, आणि मग माझं मत मांडतो. पटलं नाही तर भांडा. तेवढा वेळ ठेवलाय.

सुरुवात आपल्याच जिल्ह्यापासून करू. माढा तालुक्यात परितेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतले शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 साली ग्लोबल टीचर प्राईझ मिळालं. 10 लाख डॉलरचं बक्षीस, त्यातलं अर्धं त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटलं. हे सगळ्यांना माहीत आहे. पण त्यांचं काम काय होतं? त्यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले. पानावरचा तो काळा-पांढरा चौकोन स्कॅन केला की कविता ऐकू येते, धड्याचा व्हिडिओ दिसतो. पुढे बालभारतीच्या पुस्तकांत हे कोड आले. आज तुमच्या दप्तरातलं पुस्तक उघडा, चौकोन सापडेल.

आता गंमत बघा. पुस्तक म्हणतं, मोबाईल काढ आणि हा चौकोन स्कॅन कर. शाळेच्या फाटकावरची पाटी म्हणते, मोबाईल आणण्यास सक्त मनाई. रात्री नऊ वाजता वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गृहपाठ येतो, आणि सकाळी त्याच सरांचं वाक्य असतं, 'मोबाईलनं तुमची पिढी वाया गेली.' सांगणारी मोठी माणसंच गोंधळलेली असली, की मुलं आपापला रस्ता काढतात. आणि तो रस्ता बहुतेक वेळा चोरून असतो.

बंदी हवी म्हणणाऱ्यांचं आधी ऐकू. त्यांचं म्हणणं पोकळ नाही. युनेस्कोनं 2023 साली शिक्षण आणि तंत्रज्ञानावर जगाचा अहवाल काढला. त्यात म्हटलंय की एकदा लक्ष विचलित झालं की विद्यार्थ्याला पुन्हा अभ्यासात शिरायला 20 मिनिटांपर्यंत लागू शकतात. आपला तास असतो 35-40 मिनिटांचा. म्हणजे तासात दोनदा फोन थरथरला, तर तो तास गेलाच. फ्रान्सनं 2018 साली कायदाच केला, की साधारण 15 वर्षांपर्यंतच्या मुलांनी शाळेत फोन वापरायचा नाही. आपल्याकडे सीबीएसईनं 2009 सालीच शाळांना मोबाईलवर निर्बंध घालायला सांगितलं होतं. तेव्हा तर बहुतेकांकडे बटणाचेच फोन होते.

फोन एवढा खेचतो का, याचं उत्तर आमच्या धंद्यात आहे. ॲप बनवणाऱ्या कंपनीत एक आकडा रोज सकाळी बघितला जातो : काल किती लोकांनी ॲप उघडलं आणि किती वेळ थांबले. तो आकडा वाढला तर शाबासकी. नोटिफिकेशनचा लाल ठिपका लाल का, तर नजर लाल रंगावर आधी जाते. रीलला शेवटचं पान का नाही, तर पान संपलं की माणूस विचार करतो, 'चला, उठू या.' खाली ओढलं की नवीन काहीतरी येतं, कधी मजेदार, कधी रद्दी. पुढे काय येईल ते माहीत नसतं, म्हणून हात थांबत नाही. लॉटरीच्या दुकानासमोरून माणूस हलत नाही, त्यातलाच प्रकार. एका बाजूला पगारी इंजिनिअरांची अख्खी फौज, दुसऱ्या बाजूला नववीतलं एक पोरगं. 'मनावर ताबा ठेव बेटा' हे या लढाईत पुरं पडत नाही.

आणखी एक कारण आहे, त्याबद्दल फार बोललं जात नाही. शाळेला गणवेश कशासाठी असतो? विडी वळणाऱ्या बाईचा मुलगा आणि दुकानदाराचा मुलगा एका बाकावर सारखे दिसावेत म्हणून. फोन बाहेर आला की गणवेश संपला. एकाकडे नवा आयफोन, दुसऱ्याकडे काच फुटलेला, मामूनं वापरून दिलेला. डबा खायच्या सुट्टीत कोण कुणाशेजारी बसतो, हे फोन ठरवायला लागतो.

म्हणून माझं पहिलं मत सरळ आहे. शाळेची पहिली घंटा ते शेवटची घंटा, दहावीपर्यंत, फोन बंद करून पेटीत. पुढच्या रांगांनो, नाराज होऊ नका. बँकांची कामं करणाऱ्या आयटी कंपन्यांत अशी दालनं असतात, जिथे आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. लाखाच्या पगाराची माणसं निमूटपणे ठेवतात, आठ-नऊ तास काम करतात आणि जाताना घेऊन जातात. कुणी म्हणत नाही की माझ्यावर अविश्वास दाखवला. कामाच्या जागेची ती शिस्त असते. शाळा ही तुमची कामाची जागा आहे. आणि शिस्त असेल तर ती सर-मॅडमनाही लागू. शिकवताना टेबलाखाली स्टेटस बघणाऱ्या शिक्षकाचं कुणी ऐकणार नाही.

आता दुसरी बाजू. पालक म्हणतात, मुलगी नई जिंदगीतून शेअर रिक्षानं येते, किंवा मोहोळ-अक्कलकोटहून एसटीनं येते. बस चुकली, उशीर झाला, तर कळवायचं कसं? काळजी खरी आहे. म्हणूनच मी 'पेटीत' म्हणतो, 'घरी' म्हणत नाही. येताना फोन दप्तरात, आत आला की पेटीत, सुटल्यावर हातात. मधल्या वेळेत निरोप द्यायचा तर शाळेच्या कार्यालयात एक चालू फोन हवा आणि तो उचलणारा माणूस हवा. तेवढं करायला कोणतं ॲप लागत नाही.

2025 च्या सुरुवातीला दिल्ली उच्च न्यायालयासमोर हाच प्रश्न आला होता. शाळेत फोनवर सरसकट बंदी योग्यही नाही आणि व्यवहार्यही नाही, असं न्यायालयानं म्हटलं. शक्य असेल तिथे फोन जमा करून घ्या, वर्गात वापरू देऊ नका, पण फोन जबाबदारीनं कसा वापरायचा हेही मुलांना शिकवा, असा त्याचा रोख होता. मला तो पटतो.

इथपर्यंत बरेच जण माझ्याशी सहमत असतील. आता ज्यासाठी मी मुळात आलो, त्या मुद्द्यावर येतो.

आमच्या शाळेच्या दिवसांत, बटणाच्या फोनच्या काळात, ओळखीतल्या एका दहावीच्या मुलीच्या दप्तरात फोन सापडला. फोन तिच्या भावाचा होता. शाळेचं नाव मी घेणार नाही. फोन जप्त झाला, तिथपर्यंत ठीक. पण मग तो उघडला गेला. मेसेज वाचले गेले. एका मुलाचे तीन-चार मेसेज होते, त्यातला एक गणिताच्या गाईडबद्दल. तिच्या अब्बांना बोलावून ते कार्यालयात, चार माणसांसमोर मोठ्यानं वाचून दाखवले. सोमवारपासून तिची जागा रिकामी. तो मुलगा त्याच वर्षी बोर्डाच्या परीक्षेला बसला, आणि कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

शाळेत मोबाईल असावा की नसावा, हा प्रश्न मुलासाठी आणि मुलीसाठी सारखा नसतो. मुलाचा फोन सापडला तर दोन थपडा आणि आठवड्याची सक्ती. मुलीचा सापडला तर तिची शाळा, आणि पुष्कळदा त्यापाठोपाठ 'आता स्थळ बघा.' अठराच्या आत मुलीचं लग्न लावणं कायद्यानं गुन्हा आहे, हे त्या क्षणी कुणाला आठवत नाही. आपल्या मोहल्ल्यांत हे होतं, आणि इतरांच्या गल्ल्यांतही होतं.

आकडेही तेच सांगतात. ग्रामीण भारतातल्या मुलांची 'असर' नावाची पाहणी होते. 2023 च्या पाहणीत 14 ते 18 वयोगटातल्या स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी 43.7 टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हे प्रमाण 19.8 टक्के. म्हणजे निम्म्याहूनही कमी. मुलगी भावाचा फोन मागून घेते, अम्मीचा घेते, आणि जे काही करते ते दुसऱ्याच्या नजरेखाली. त्यात काही वेळा तो फोनच दुसऱ्याचा असतो आणि आतला मेसेजही.

केरळात कोझिकोडजवळच्या एका कॉलेजच्या मुलींच्या वसतिगृहात नियम होता : संध्याकाळी सहा ते रात्री दहा फोन जमा. एका विद्यार्थिनीनं विरोध केला, तेव्हा तिला वसतिगृहातून काढलं. अभ्यास त्या फोनवरच आहे, असं म्हणत ती उच्च न्यायालयात गेली. सप्टेंबर 2019 मध्ये न्यायालयानं निकाल दिला, की इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग आहे, आणि तिला परत घ्यायला सांगितलं. ती कॉलेजातली होती, शाळकरी नव्हती, हा फरक मला मान्य आहे. पण सहा महिन्यांनी, मार्च 2020 मध्ये, देशातल्या सगळ्या शाळा बंद झाल्या आणि शिक्षण त्या सहा इंचांच्या काचेवर आलं. तेव्हा आपल्या किती घरांत एकच फोन होता, आणि तो अब्बांबरोबर कामावर जायचा, ते आठवा. उरलेल्या वेळेत आधी तो कुणाच्या हातात गेला, भावाच्या की बहिणीच्या, तेही आठवा.

म्हणून माझं दुसरं मत, आणि ते पहिल्यापेक्षा महत्त्वाचं : फोन जप्त करा, पण वाचू नका. दप्तर तपासणं वेगळं आणि कुणाचं पत्र फोडून वाचणं वेगळं. खासगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी एकमतानं सांगितलं. तो अधिकार वयाच्या अठराव्या वाढदिवसाला केकबरोबर मिळत नाही. मुलगी संकटात आहे असं वाटलं, कुणी तिला धमकावतंय असं दिसलं, तर आधी तिच्याशी बोला. तिच्या विश्वासातल्या मॅडमना बोलावा. थेट घरी फोन लावणं म्हणजे काही वेळा तिला संकटातून काढून दुसऱ्या संकटात ढकलणं असतं. आणि काहीही झालं तरी फोनची शिक्षा म्हणून शाळा बंद होता कामा नये. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे आठवीपर्यंत शाळा कुठल्याही मुलाला काढून टाकू शकत नाही. घरानं काढू नये, हे मात्र आपल्याला आपसांतच ठरवावं लागेल.

तिसरी गोष्ट मेसेजची. तुमच्यापैकी बहुतेक जण मराठी इंग्रजी अक्षरांत लिहिता. 'kay kartoy.' ही सवय कुठून आली ठाऊक आहे? एसएमएसमध्ये इंग्रजी 160 अक्षरं मावायची, देवनागरी लिहिली की फक्त 70. एका देवनागरी अक्षराला जागा जास्त लागायची आणि पैसे मेसेजमागे मोजावे लागायचे. म्हणून आम्ही मराठी आणि दखनी दोन्ही कापून-कुपून इंग्रजीत लिहायला लागलो. आता अक्षरं मोजायची गरज राहिली नाही, तरी घाई राहिली. बोलताना समोरच्याचा चेहरा दिसतो. 'मरू दे' आपण हसूनही म्हणतो आणि रागानंही. लिहिल्यावर हसणं गळून पडतं, आणि उरलेलं कायमचं राहतं. डिलीट केलं तरी कुणीतरी स्क्रीनशॉट घेतलेला असतो.

मुस्लिम मुलांच्या बाबतीत याची किंमत किती मोठी होऊ शकते, ते आपण 2023 साली जवळपासच्या जिल्ह्यांत बघितलं. जूनमध्ये कोल्हापुरात काही तरुणांच्या स्टेटसवरून बंद पुकारला गेला, दगडफेक झाली, इंटरनेट बंद करावं लागलं. सप्टेंबरमध्ये सातारा जिल्ह्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून दंगल झाली आणि एका तरुणाचा जीव गेला. ज्यांनी दगड उचलले त्यांचा गुन्हा त्यांच्याकडेच. मी तो कुणाच्या स्टेटसवर ढकलणार नाही. पण काय लिहावं, कुणी डिवचलं तर काय लिहू नये, आपलं खातं दुसऱ्याच्या हाती लागू नये म्हणून काय करावं, हे आपल्या मुलांना कोण शिकवतं? दहावीपर्यंत दहा वर्षांत एकही तास नाही.

आपल्या शहराच्या हुतात्म्यांपैकी कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचं वृत्तपत्र चालवत. 12 जानेवारी 1931 रोजी येरवड्यात फासावर गेले तेव्हा ते ऐन तरुण होते. छापलेल्या शब्दाची जबाबदारी काय असते, हे त्या काळच्या संपादकाला शिकवावं लागत नव्हतं, कारण खाली त्याचं नाव असायचं. आज तुमच्या प्रत्येकाच्या खिशात छापखाना आहे. छापखाना दिलाय, संपादक व्हायला मात्र कुणी शिकवलेलं नाही.

म्हणून तिसरं मत : आठवड्यातून एक तास पेटी उघडायची आणि फोन बाकावर ठेवायचे. ज्यांच्याकडे नाही त्यांनी जोडीनं बसायचं. त्या तासाला पुस्तकातले क्यूआर कोड उघडा. टू-स्टेप व्हेरिफिकेशन कसं लावतात ते करून बघा. फॉरवर्ड आलेला फोटो जुना आहे की आजचा, ते शोधा. कुणी पैसे उकळले तर 1930 हा सायबर हेल्पलाईनचा नंबर आहे, मुलांसाठी 1098 आहे, हे पाठ करा. आणि मुलग्यांनो, हे कान उघडे ठेवून ऐका : अठराच्या आतल्या कुणाचाही अश्लील फोटो पाठवणं, पुढे ढकलणं हा आयटी कायद्याच्या कलम 67-ब खाली गुन्हा आहे. 'मी फक्त फॉरवर्ड केलं' हा बचाव नाही.

2024 च्या 'असर'मध्ये 14 ते 16 वर्षांच्या, फोन वापरता येणाऱ्या मुलांना विचारलं, गेल्या आठवड्यात फोनवर काय केलं. 57 टक्के म्हणाले, अभ्यासाचं काहीतरी. 76 टक्के म्हणाले, सोशल मीडिया. शाळेनं पाठ फिरवली म्हणून फोन हातातून गेला नाही. फक्त शिकवणारा बदलला.

आता पालकांकडे वळतो. सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव नावाचं गाव आहे. 2022 च्या ऑगस्टमध्ये गावानं ठरवलं, संध्याकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजला की दीड तास टीव्ही बंद, मोबाईल बंद. मुलं अभ्यासाला बसतात. मला त्यातली आवडलेली गोष्ट ही, की मोठ्यांचाही फोन बंद असतो. आपल्याकडे भोंगा वेगळा बसवायची गरज नाही. मगरिब ते इशा, साधारण तेवढाच वेळ असतो. त्या वेळात घरातले सगळे फोन एका डब्यात टाका. अब्बांचा सगळ्यात आधी. विड्या वळता वळता अम्मी सीरियल बघत असेल तर तेही थांबेल, तिची कुरकुर होईल, होऊ द्या. एक महिना करून बघा.

मग शाळेकडे काय मागायचं? पाचच गोष्टी सांगतो, लिहून घ्या. घंटा ते घंटा फोन पेटीत, शिक्षकांसकट. मुलगा-मुलगी नियम एक, शिक्षा एक. जप्त केलेला फोन उघडायचा नाही. आठवड्याला फोनचा एक तास. आणि ज्याच्या घरी स्मार्टफोन नाही त्याचा गृहपाठ व्हॉट्सॲपवर अडकवायचा नाही, फळ्यावरही लिहायचा.

प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असते, पालक-शिक्षक संघ असतो, आणि त्यांच्या बैठकीला कुणी जात नाही. पुढच्या बैठकीला इथले दहा पालक जरी हा कागद घेऊन गेले, तरी बोलणं सुरू होईल. विद्यार्थ्यांनी आपल्या सह्यांचा वेगळा कागद द्यावा. त्यावर मुलींच्या सह्या मुलांपेक्षा कमी असल्या, तर का कमी आहेत ते आधी विचारा, मगच कागद पुढे न्या.

आता प्रश्न विचारा. फोन बंद असेल तरच.